वाचकांचे प्रश्न : प्रशिक्षकाचे कोणते प्रमाणपत्र कामाचे?

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एका गावात राहतो. विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळलो असून, गेली चार वर्षे जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी तीसेक मुलामुलींचा सराव विनामूल्य घेतो. दोन दिवसांच्या ऑनलाइन वर्गासाठी पाच हजार रुपये भरल्यास ‘राष्ट्रीय स्तरावर मान्यताप्राप्त प्रशिक्षक’ असे प्रमाणपत्र देण्याची तयारी एका संस्थेने दाखवली आहे. ते घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. मान्यता कोणाची आणि ती कोणत्या कामासाठी चालते, हे त्या संस्थेला लेखी विचारून पाहा. उत्तर बहुधा येणार नाही. सोनेरी काठाचे असे एक प्रमाणपत्र माझ्याही कपाटात आहे, आणि ते मुलाखतीत पुढे केले तेव्हा समितीने न वाचताच परत केले होते.

आपल्याकडे तीन वेगवेगळ्या कागदांची नेहमी गल्लत होते. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचे असेल, तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या महाविद्यालयातील दोन वर्षांची बी.पी.एड. ही पदवी लागते. मात्र तिचा रोख शारीरिक शिक्षणावर असतो, एका खेळाच्या प्रशिक्षणावर नव्हे. प्रशिक्षक म्हणून नोकरी करायची असेल, तर पटियाला येथे १९६१ मध्ये सुरू झालेल्या आणि आता भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या अखत्यारीत असलेल्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची एक वर्षाची पदविका सर्वांत वजनदार मानली जाते. आपल्या भागात तिला नुसते ‘एनआयएस’ म्हणतात. तिच्यासाठी पदवी आणि खेळातील कामगिरी, दोन्ही पाहतात. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या परिसरात प्राधिकरणाचे केंद्र आहे म्हणून ही पदविका तिथेच मिळत असेल, असा अनेकांचा समज असतो. ते केंद्र खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी आहे. तिसरा कागद त्या त्या खेळाच्या संघटनेचा. फुटबॉलमध्ये ‘डी’ परवान्यापासून ‘सी’, ‘बी’, ‘ए’ अशी चढती शिडी आखून दिलेली आहे. खो-खोसाठी आपण जिल्हा संघटनेकडे नाव नोंदवून ठेवावे, कारण जिल्ह्याच्या संघाबरोबर कोण जाणार हे तिथेच ठरते.

वर्षभर घर सोडणे आपल्याला जमेल असे पत्रावरून वाटत नाही. म्हणून ‘एनआयएस’च्याच सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचा विचार करावा आणि यंदा कोणते खेळ कोणत्या केंद्रावर आहेत, हे जाहिरातीत पाहूनच अर्ज भरावा. त्यात खेळाच्या कौशल्यांबरोबर शरीररचना, शरीरक्रिया, सरावाचे नियोजन आणि मानसशास्त्र शिकवतात, आणि चांगला खेळाडू राहिलेला माणूस नेमका याच ठिकाणी कमी पडतो.

एक उदाहरण देतो. बारा-तेरा वर्षांची मुलगी गुडघ्याच्या जरा खाली, नडगीच्या हाडाच्या उंचवट्यावर बोट ठेवून ‘सर, इथेच दुखतंय’ असे सांगते. आपण स्वतः दुखणे अंगावर काढून खेळलेलो असल्यामुळे तिलाही ‘होईल कमी, धाव’ म्हणतो. वास्तविक वाढीच्या वयात हाड अजून पक्के झालेले नसते, आणि धावणे, उड्या, खांबाजवळ एकदम वळणे यांमुळे मांडीच्या स्नायूंचा ताण त्या जागी पुन्हा पुन्हा पडून ती दुखावते. अशा वेळी तिला डॉक्टरांकडे पाठवून काही आठवडे तिच्या उड्या आणि वेगाचे धावणे कमी करावे, पण मैदानावर येणे बंद करू नये. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाल्यापासून अनेक पालक मुलींना हौसेने मैदानावर पाठवू लागले आहेत. दुखण्याकडे दुर्लक्ष झाले, तर तेच पालक तिला घरी बसवतील.

अभ्यासक्रमाला प्रवेश मिळेपर्यंत सरावाची नोंदवही ठेवावी: त्या दिवशी कोण आले, काय करून घेतले, कोणाला काय दुखले. मुलींच्या सरावाला एखादी आई किंवा शिक्षिका हजर राहील, अशी व्यवस्था करावी. आणि पाच हजार रुपये खर्च करायचेच असतील, तर दोन्ही खांब तासून गुळगुळीत करून घ्यावेत, मुरमाड मैदानावर जिथे मुले सूर मारतात तिथे मऊ माती टाकावी आणि उरलेल्या पैशांत प्रथमोपचाराची पेटी घ्यावी.