उसाचे खाद्य वाढले, तर टनेज का वाढणार नाही?

प्रश्न : हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के असतो, असे वाचले. एवढ्याशा वायूने पृथ्वी कशी तापेल? शिवाय पिके याच वायूवर पोसतात. मग तो वाढला तर उसाचे एकरी टनेज वाढायला नको का?
— एक ऊस उत्पादक, वेदगंगाकाठ, निपाणी

उत्तर : आपला आकडा बरोबर आहे. मात्र कोरड्या हवेचा ९९.९ टक्क्यांहून अधिक भाग व्यापणारे नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आरगॉन हे वायू जमिनीतून वर जाणारी उष्णता जवळजवळ अडवतच नाहीत. ते काम पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे थोडके वायू करतात, हे जॉन टिंडल यांच्या १८५९ मधील प्रयोगांपासून ठाऊक आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी दर दहा लाख भागांत २८० च्या आसपास असलेले कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आज ४२० च्या पुढे गेले आहे, म्हणजे उष्णता अडवणारा हा वायू दीडपट झाला आहे.

आता उसाकडे वळू. उसाच्या पानातील प्रत्येक शिरेभोवती हिरव्या पेशींचे एक कडे असते आणि पान हवेतला कार्बन तिथे आधीच दाटीने साठवते. ज्याचे ताट मुळातच भरलेले आहे, त्याला आणखी वाढून फारसे काय मिळणार? पाण्याची ओढ बसली असता पानातून बाष्प कमी उडते, एवढा लाभ उसाला होतो. खानापूरकडच्या भाताला कार्बन साठवण्याची अशी सोय नसल्यामुळे हवेत हा वायू वाढला की त्याची वाढ खरोखर जोमाने होते. पण दाण्यातील प्रथिने व जस्त घटतात, आणि फुलोऱ्याच्या वेळी पारा ३५ अंशांवर गेला तर लोंबी पोचट राहते. भात खाऊनच जगणाऱ्या घरांच्या दृष्टीने मला ही बाब अधिक गंभीर वाटते.

राहिला पाऊस. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते, त्यामुळे पडतो तेव्हा पाऊस अधिक जोराने पडतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे खापर एकट्या या वायूवर फोडणे योग्य नव्हे. परंतु शेंड्यात गाळ बसलेला ऊस उभ्या उभ्या कसा कुजतो, हे आपल्या नदीकाठाने पाहिले आहे, आणि टनेजचा हिशेब मांडताना तशा पावसाची वाढती शक्यताही आपल्याला धरावी लागेल.