गोजेक ते केकोवा : शिडाच्या बोटीनं लिकियाची जुनी बंदरं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : चौघे जण, त्यातल्या दोघांना मुंबईत छोट्या शिडाच्या बोटी चालवायचा सराव, हाताशी दहा दिवस. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर बोट भाड्यानं घेऊन प्राचीन बंदरं बघायची आहेत. क्निडोसपासून फासेलिसपर्यंत सगळं होईल का, जुलैत जावं का, आणि स्किपर (बोट चालवणारा कप्तान) सोबत घ्यावा का?

सगळं होणार नाही, आणि ते करायला जाऊही नका. क्निडोस पार पश्चिमेला, दाचा द्वीपकल्पाच्या टोकावर. फासेलिस पूर्वेला, अंतल्याच्या अलीकडे. दहा दिवसांत दोन्ही गाठायचं म्हटलं तर दिवसभर इंजिन चालवत राहाल आणि प्रत्येक बंदरात अंधार पडता पडता शिराल. माझा सल्ला गोजेकहून निघून केकोवा बेटापर्यंत जायचं आणि परत यायचं, म्हणजे प्राचीन काळी ज्याला लिकिया म्हणत त्या किनाऱ्यानं. दलामान विमानतळ गोजेकपासून अर्ध्या तासावर आहे, त्यामुळे पहिला दिवस वाया जात नाही. क्निडोस पुढच्या खेपेला ठेवा, त्याच्याबद्दल खाली लिहिलं आहे.

आधी वाऱ्याबद्दल, कारण ही बंदरं जिथे आहेत तिथे का आहेत हे वारा समजल्याशिवाय कळत नाही. उन्हाळाभर इथे वायव्येकडून मेलतेमी नावाचा वारा वाहतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. सकाळी समुद्र शांत असतो, दुपारी वारा चढतो, संध्याकाळनंतर बहुतेक वेळा उतरतो. गोजेकहून केकोवाकडे जाताना तो पाठीमागून मिळतो आणि बोट सुखात पळते. परतताना तोच वारा नाकासमोर. म्हणून जाण्याचे दिवस आणि येण्याचे दिवस सारखे धरू नका. परतीला पहाटे उजेड फुटायच्या आत निघायचं आणि दुपार व्हायच्या आत नांगर टाकायचा.

रोमच्या काळात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन इटलीला निघणाऱ्या जहाजांपुढे हीच अडचण होती. वायव्येच्या वाऱ्यात त्यांना थेट रोमकडे जाता येत नसे. मग ती आधी उत्तरेला लिकियाच्या किनाऱ्यापर्यंत चढत आणि तिथून किनारा धरून पश्चिमेकडे सरकत. किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाह इथे पश्चिमेकडे वाहतो, रात्री-पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, आणि या दोन्हींच्या आधारानं जड जहाजही पुढे जाऊ शकतं. मतलई वारा कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला समजावून सांगावा लागत नाही. इथेही पहाटे निघण्यामागे तोच हिशेब आहे. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, २७व्या अध्यायात, कैदी म्हणून रोमला नेल्या जाणाऱ्या पौल या ख्रिस्ती प्रेषिताचा प्रवास आहे. लिकियातल्या मिरा या गावी त्याला अलेक्झांड्रियाच्या जहाजावर चढवतात, जहाज कित्येक दिवस रखडत कसंबसं क्निडोससमोर पोचतं, वारा पुढे जाऊ देत नाही, मग ते क्रीट बेटाच्या आडोशाला वळतं. श्रद्धा बाजूला ठेवून निव्वळ दर्यावर्दी म्हणून तो अध्याय वाचून या. तुमच्या परतीच्या मार्गाचं ते नेमकं वर्णन आहे.

म्हणजे ही बंदरं वाऱ्याची वाट बघत थांबायच्या जागा होत्या. वाट बघायची म्हणजे धान्य कोरडं राहायला कोठारं हवीत, पाणी हवं, जहाज दुरुस्तीची सोय हवी. बोटीनं येणाऱ्यानं अवशेष बघताना हे मनात ठेवलं तर थिएटर आणि देवळांच्या आधी नजर धक्क्याकडे आणि कोठाराकडे जाते. मला स्वतःला तेच बघणं जास्त मोलाचं वाटतं.

आता मार्ग. गोजेकच्या आखातातल्या खाड्यांमध्ये पहिला दिवस सरावासाठी ठेवा. इथे पाणी काठालगतच खोल होतं, त्यामुळे पुढून नांगर टाकून मागचे दोर किनाऱ्यावर बांधायची पद्धत आहे. दोर झाडाला बांधू नका. खडकाला किंवा त्यासाठी बसवलेल्या खुंट्यांनाच बांधा. तळाला समुद्री गवत असेल तर नांगर धरत नाही, फिकट दिसणारा वाळूचा पट्टा शोधून तिथेच टाका. मग फेथियेच्या बाहेरून गेमिलर बेटामागे रात्र काढा. बेटावर बायझंटाईन काळातल्या चर्चचे अवशेष आहेत. उन्हं उतरल्यावर वर चढा.

गेमिलरहून कालकान तीसेक समुद्री मैल, आणि हाच या प्रवासातला अवघड दिवस. ‘येदी बुरुनलार’, म्हणजे सात भूशिरं, ओलांडायची असतात. मध्ये निवारा नाही, आणि कड्यांवर आपटून परतणाऱ्या लाटांमुळे समुद्र चहूबाजूंनी उसळतो. पहाटे निघालात तर काही वाटणार नाही. दुपारी दोनला तिथे असाल तर सगळ्यांचं पोट ढवळेल.

याच टप्प्यात पातारा डावीकडून जातं, आणि बोटीवरून तुम्हाला फक्त वाळूचा लांबच लांब किनारा दिसतो. लिकियाच्या सर्वात मोठ्या बंदरांपैकी एक बंदर त्या वाळूमागे आहे. झान्थोस नदीचा गाळ आणि वाऱ्यानं लोटलेली वाळू यांनी त्याचं तोंड बुजलं. आत आता दलदल आणि बोरू आहे. तिथे नांगर टाकायचा विचारही करू नका, किनारा उघडा आहे. बोट कालकानला लावा आणि मिनीबसनं जा. अख्खा दिवस द्या. लिकियाच्या संघाचं, म्हणजे इथल्या शहरांनी मिळून केलेल्या संघाचं, सभागृह दुरुस्त होऊन उभं आहे, रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातलं धान्यकोठार जुन्या बंदराच्या पलीकडच्या काठावर आहे, आणि सम्राट नीरोच्या काळात, इ.स. ६४-६५ च्या सुमारास बांधलेला दीपस्तंभ तिथल्या उत्खननात वाळूखालून निघाला. त्या दीपस्तंभाजवळ उभं राहून समुद्र किती दूर आहे ते बघा. आज जिथे गाई चरतात तिथे जहाजं नांगरलेली असायची हे पुस्तकात वाचून पटत नाही, तिथे उभं राहिलं की पटतं.

काउनोसचीही हीच गत झाली. तेही गाळानं बुजलेलं बंदर, गोजेकच्या पश्चिमेला. तिथे जायचं झालं तर बोट एकिन्जिकच्या खाडीत ठेवून नदीतल्या स्थानिक होडीनं दाल्यानकडे जावं लागतं. कड्यात कोरलेली थडगी सुंदर आहेत, पण या खेपेला ते वगळा.

कालकाननंतर काश, जुनं अँटिफेलोस. गाव जिवंत, थिएटर समुद्राकडे तोंड करून बसलेलं, बंदर मात्र गजबजलेलं. किनाऱ्यापासून अवघ्या दोन किलोमीटरवर कास्तेलोरिझो हे ग्रीक बेट आहे आणि सगळ्यांना तिथे जावंसं वाटतं. भारतीय पासपोर्टवर त्याला शेंगेन व्हिसा लागतो. शिवाय तुमचा तुर्की व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर बेटावर पाय ठेवल्यावर परत तुर्कस्तानात येताना अडाल. दोन्ही व्हिसा नीट वाचल्याशिवाय तो बेत करू नका.

काशच्या आग्नेयेला उलुबुरून नावाचं भूशिर लागतं. १९८२ साली एका स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला तिथे तळाशी कान असलेल्या बिस्किटांसारखे धातूचे तुकडे दिसले. ते तांब्याचे ठोकळे होते. १९८४ ते १९९४ अशी अकरा हंगाम तिथे पाण्याखाली उत्खनन चाललं. इ.स.पू. १४व्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या त्या जहाजात सुमारे दहा टन तांबं आणि जवळजवळ एक टन कथील होतं. दोन्ही मिसळून कांस्य हा धातू करायला लागतं त्याच प्रमाणात! निळ्या काचेचे गोळे, आबनुसाचे ओंडके, हस्तिदंत, आणि इजिप्तची राणी नेफरतिती हिचं नाव कोरलेलं सोन्याचं भुंगेऱ्याच्या आकाराचं पदक. जहाज पश्चिमेकडे चाललं होतं असं संशोधक मानतात, म्हणजे रोमन जहाजांच्या हजारएक वर्षं आधीही वाट हीच होती. त्या जागेवर पाण्यात बघण्यासारखं आता काही नाही. सगळं बोद्रुमच्या किल्ल्यातल्या पाण्याखालील पुरातत्त्वाच्या संग्रहालयात आहे. तरीही त्या कड्याखालून जाताना सगळ्यांना डेकवर बोलवा आणि ही गोष्ट सांगा.

केकोवाला मात्र घाई करू नका. निदान तीन रात्री द्या. लांबट केकोवा बेट आणि मुख्य किनारा यांच्यामध्ये मोठं सुरक्षित पाणी आहे, आणि आत उचाआझ गावासमोर जवळजवळ कुठल्याही वाऱ्यात निवांत झोप लागते. बेटाच्या उत्तर काठावर बुडालेल्या वस्तीचे अवशेष आहेत : अर्ध्या भिंती, खडकात कोरलेली दारं, आणि थेट पाण्याखाली उतरत जाणारे जिने. मुंबईकर बघणाऱ्याला पहिल्यांदा ही ओहोटीची पायरी वाटते, कारण आपल्याकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं. इथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर. जिना पाण्यात गेला आहे तो जमीन खचल्यामुळे. हा सगळा किनारा भूकंपांचा आहे. पातारात समुद्र मागे हटला, इथे तो घरात शिरला, आणि दोन्ही जागांमध्ये बोटीनं दोन दिवसांचं अंतर. एवढ्या जवळ हे दोन्ही बघायला मिळतं म्हणूनच मी या मार्गाचा आग्रह धरतो.

अवशेषांच्या पट्ट्यात नांगर टाकायला, पोहायला आणि बुड्या मारायला बंदी आहे. उचाआझमध्ये कायाक भाड्यानं मिळतात, सकाळी लवकर त्यातून काठाकाठानं जा. समोर कालेकय, जुनं सिमेना : वर मध्ययुगीन किल्ला, त्याच्या आत कातळात कोरलेलं छोटंसं थिएटर, आणि खाली उथळ पाण्यात एकटंच उभं असलेलं लिकियन थडगं. तळातून मडक्याचा तुकडादेखील उचलू नका. तुर्की कायदा याबाबतीत फार कडक आहे, आणि कायदा नसता तरी उचलू नये.

एका दिवशी बोट उचाआझलाच ठेवून गाडीनं देमरेला जा. मिराची थडगी सगळे बघतात, तुम्ही त्याआधी आंद्रियाके बघा, मिराचं बंदर. पौलानं जहाज बदललं ते मिरा हेच. हेड्रियनचं कोठार इथे जवळजवळ पूर्ण उंचीनं उभं आहे, दर्शनी भिंतीवर त्याचा आणि राणी साबिनाचा अर्धपुतळा कोरलेला दिसतो, आणि आत आता लिकियाच्या संस्कृतीचं संग्रहालय आहे. शेजारी जांभळा रंग काढण्यासाठी फोडलेल्या समुद्री शंखांचे थर सापडले आहेत.

तिथून मागे फिरा. पुढे गेलिडोनिया भूशिर ओलांडून फासेलिसला जायचा मोह होईल. तीन बंदरांचं ते गाव, पाइनची झाडं थेट पाण्यापर्यंत, अलेक्झांडर (सिकंदर) इ.स.पू. ३३४-३३३ च्या हिवाळ्यात तिथे थांबला होता. पण तिकडे गेलात तर परतीचा वाऱ्याविरुद्धचा रस्ता दुप्पट होतो. बोट फिनिके किंवा अंतल्याला सोडायची सोय आणि त्याचे जादा पैसे असतील तरच जा.

क्निडोसबद्दल एवढंच : प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्राबोनं वर्णन केलेली दोन बंदरं, त्यातलं एक वीस युद्धनौकांचं, आजही डोळ्यांनी ओळखता येतात. अलेक्झांड्रियाचा दीपस्तंभ ज्याच्या नावाशी जोडला जातो तो सोस्ट्राटोस इथलाच. दक्षिणेच्या बंदरात नांगर टाकता येतो, पण तोंडाशी जुन्या बंधाऱ्याचा काही भाग पाण्याखाली आहे आणि तळ सगळीकडे नांगर धरत नाही. बोद्रुमहून निघून, आधी तिथलं संग्रहालय बघून, मग क्निडोस आणि बोझुककालेपर्यंत असा वेगळा आठवडा करा.

महिना : जुलै नको. सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पाणी तेव्हाही उबदार असतं, मेलतेमी थकलेला असतो, आणि पातारात दुपारी चालता येतं.

स्किपर घ्याच, निदान या खेपेला. छोट्या बोटीचा सराव शीड समजायला उत्तम आहे, पण चाळीस फुटी बोट आडव्या वाऱ्यात मागे घेत धक्क्याला लावणं वेगळं काम आहे, आणि परवान्याशिवाय बोट तुमच्या ताब्यात देणारही नाहीत. त्याच्यासाठी एक केबिन आणि तुमच्यातलंच जेवण धरा. पहिल्याच दिवशी त्याला सांगा की आम्हाला शिकायचं आहे, सुकाणू आणि नांगर आमच्या हाती दे.

आगाऊ रक्कम भरण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या. भाडं सहसा शनिवार ते शनिवार असतं, तेव्हा दहा दिवसांचा दर वेगळा ठरवावा लागेल. सप्टेंबरअखेर तो मिळतो. आणि करारात बोट नेण्याची हद्द दिलेली असते, त्यात केकोवा येतं का ते बघा.