सिलिंडर विकला, हाही आजारच का?

"मॅडम, कॅन्सर कुणी दुकानातून विकत आणत नाही. यानं पैसे मोजून आणलंय. मग आजार कसला?"

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. शेजारी काकू, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. चोवीस वर्षांचा निखिल बाहेर बाकावर मान खाली घालून बसलेला. (नावं आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.) घरातला भरलेला गॅस सिलिंडर त्यानं नशेच्या पैशांसाठी सातशे रुपयांना विकला, तेव्हा हे लोक आमच्याकडे व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाला आले. त्याआधी दीड वर्ष घरात सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नव्हतं.

काकांचा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. माझं ठरलेलं उत्तरही होतं. काकांच्या शर्टाच्या खिशात तंबाखूची डबी दिसत होती. बोलणं थांबलं की ते व्हरांड्यात जाऊन मळून यायचे. म्हटलं, "काका, इच्छाशक्तीच हवी ना? मग पुढच्या बुधवारपर्यंत तंबाखू बंद करून दाखवा." मला वाटलं, तिसऱ्या दिवशी डबी उघडेल आणि माझं काम सोपं होईल.

बुधवारी काका आले. खिसा रिकामा. "चाळीस वर्षांची सवय. बंद केली. आता बोला."

काकूंकडे पाहिलं तर त्यांनीही मान हलवली. माझा डाव माझ्यावरच उलटला होता.

मग खरं बोलणं भागच होतं. माणसं स्वतःच्या बळावर व्यसन सोडतात, अगदी हेरॉईनसुद्धा. ली रॉबिन्स नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७१ साली व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. तिकडे असताना जवळपास २० टक्के जणांना हेरॉईनची लत लागली होती. पण त्यांच्यातले मायदेशी पहिल्या वर्षात पुन्हा लतीत अडकले ते जेमतेम ५ टक्के. युद्ध मागे राहिलं, स्वस्त माल मागे राहिला, तो देणारे हात मागे राहिले. तेव्हा व्यसनी माणसाच्या हातात काहीच नसतं, असं मी तरी म्हणणार नाही. असं म्हणणं त्याचाच अपमान आहे.

काका जरा सैल झाले. मी विचारलं, "आठ दिवस कसे गेले?"

झोप नाही. शेजाऱ्याशी पार्किंगवरून भांडण. पाचव्या दिवशी टपरीसमोर अर्धा तास नुसते उभे. "हिनं दर तासाला चहा दिला, बडीशेप दिली. वर्कशॉपमधला एक जुना मित्र रोज संध्याकाळी फिरायला घेऊन गेला." एवढं बोलून ते थांबले. मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला जमलं, तर मग याला का जमत नाही?"

मुद्दा जवळपास तोच, पण पहिल्या दिवशी तो निकाल होता. आता तो प्रश्न होता, आणि प्रश्नाला उत्तर शोधता येतं.

शोधायला आम्हाला चार भेटी लागल्या. निखिल एकोणिसाव्या वर्षी गोदामात रात्रपाळीला लागला. सोबतचा मुलगा म्हणाला, एक लाईन मार, झोप उडेल. ती एमडी होती, म्हणजे मेफेड्रोन, नाकानं ओढायची उत्तेजक पावडर. पहिली लाईन त्यानं स्वतः ओढली, ती निवड त्याचीच. पण या नशेचा खेळ असा की ती तास-दोन तासांत उतरते आणि लगेच पुन्हा हवीशी वाटते. मग दोन-दोन रात्री झोप नाही, दात खाणं, कुणीतरी पाळत ठेवतंय असा संशय. निखिल मला म्हणाला होता, "मजा तर कधीच संपली मॅडम. पाय तरी तिकडेच वळतात." आवडणं संपतं आणि हवं असणं तेवढं वाढत जातं. व्यसनाला आजार का म्हणतात, ते मला पुस्तकापेक्षा या वाक्यातून जास्त कळलं. शिवाय मोहाला आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. याचा पक्का व्हायच्या आधीच रोज मार खात होता.

आणखी एक गोष्ट काकांनीच सांगितली, तीही जिन्यात, निघता निघता. त्यांचे वडील दारूनं गेले. लहानपणी त्यांना गुत्त्यावरून उचलून आणायचं काम काकांचं. व्यसनाच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो, हे मी त्यांना पुढच्या भेटीत सांगितलं. त्या दिवशी जिन्यात मी गप्पच राहिले. त्यांचा राग निखिलच्या वयाहून जुना होता.

"बरं, आजार समजा. मग सिलिंडर विकला, हाही आजारच का?"

नाही. तलफ आजारातून येते, पण सिलिंडर आईचा होता आणि त्याची भरपाई निखिलनंच करायची. सिलिंडर आणि डिपॉझिट मिळून तीन हजार ठरले, नोकरी लागली की महिन्याला पाचशे. काकूंना मी जास्त कठोरपणे बोलले, कारण त्या डाळीच्या डब्यातून नोटा काढून द्यायच्या. "तडफडताना बघवत नाही हो." मी म्हटलं, जेवण द्या, दवाखान्यात सोबत जा, रात्री उशाशी बसा. रोख पैसे मात्र नकोत. त्या माझ्यावर दोन आठवडे रुसल्या होत्या.

काकांना कुणीतरी एक जागा सुचवली होती, "तिथं चार दिवस बांधून ठेवतात, पोरगं सरळ होतं." मी स्पष्ट नाही म्हटलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात, आणि रुग्णाला साखळीनं बांधायला त्यात बंदी आहे. दुसरी भीती पोलिसांची. उपचाराला येणं हा गुन्हा नाही. उलट १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात ६४-अ हे कलम आहे. सेवनाचा किंवा थोड्या मालाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला आली, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळतं. हे ऐकल्यावर दाखल करायचा निर्णय झाला. (कुठं जावं हेच कळत नसेल त्यांनी १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करावा.)

गर्द (म्हणजे हेरॉईन) किंवा दारू सोडताना औषधांचा चांगला आधार देता येतो. एमडीवर तसं खास औषध अजून नाही. झोप, उदासी, संशय यांवर मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या. बाकी सगळं बोलणं, दिनक्रम, गट. आणि रात्रपाळी कायमची बंद, यावर मी अडून बसले. निखिल आता एका गॅरेजमध्ये दिवसा काम करतो. ओळख काकांची.

पाचव्या महिन्यात रात्री साडेदहाला काकांचा फोन आला. सिलिंडर विकला तेव्हा ते "नालायकपणा केला" म्हणाले होते. या वेळी म्हणाले, "मॅडम, आज घसरला. स्वतःच येऊन सांगितलं. आत्ता जेवतोय. सकाळी किती वाजता आणू?"

मी नऊची वेळ दिली. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "सिलिंडरचे अजून हजार बाकी आहेत हं. ते मी सोडणार नाही."