पाणी उतरलं की रस्ता सुरू होईल : 'विल' कुठं येतं, कुठं येत नाही

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी डिस्पॅचचं काम बघते. परदेशातल्या गिऱ्हाइकाला मेल लिहिला होता, 'व्हेन द कास्टिंग्ज विल बी रेडी, वी विल इन्फॉर्म यू.' साहेबांनी पहिलं 'विल बी' काढून तिथं 'आर' केलं. कास्टिंग्ज अजून तयार व्हायची आहेत, म्हणजे भविष्यकाळच झाला ना? कारण विचारलं तर म्हणाले, 'इंग्रजीत तसंच असतं.' – एक वाचक, उचगाव

उत्तर : ताई, दुरुस्ती बरोबर आहे. पण 'तसंच असतं' एवढ्यावर तुमचं समाधान झालं नाही, याचा मला फार आनंद वाटला. वर्गात मी मुलांना हेच सांगत आले, की कारण विचारल्याशिवाय व्याकरण अंगी लागत नाही.

शाळेत 'व्हेन' आपल्याला 'जेव्हा' म्हणून शिकवलं जातं. त्यामुळं मनात वाक्य तयार होतं, 'जेव्हा माल तयार होईल तेव्हा आम्ही कळवू.' 'होईल' आलं की हात आपोआप 'विल'कडं जातो. पण हेच तुम्ही इचलकरंजीच्या गिऱ्हाइकाला फोनवर कसं सांगता? 'माल तयार झाला की कळवते.' माल अजून साच्यात आहे आणि तुम्ही 'झाला' म्हणता. पलीकडचा माणूस 'मग आजच गाडी पाठवतो' असं म्हणत नाही. पुढची गोष्ट चालली आहे हे त्याला अख्ख्या वाक्यावरून कळतं. म्हणजे काळ पुढचा आणि क्रियापदाचं रूप भलतंच, ही गोष्ट तुम्ही रोज बोलता. आपण तिथं भूतकाळाचं रूप घेतो, इंग्रजी वर्तमानकाळाचं घेते, एवढाच फरक.

इंग्रजी असं का करते? 'व्हेन'च्या वाक्यात तुम्ही माल तयार होईल असं भाकीत करत नसता. ते होणारच असं धरून चालता आणि त्यानंतर काय कराल ते सांगता. गिऱ्हाइकाला द्यायची खबर 'आम्ही कळवू' ही आहे. 'विल' त्या खबरेजवळ, मुख्य वाक्यात बसतं. वेळ दाखवणाऱ्या गौण वाक्यात ते लागत नाही. 'आफ्टर', 'बिफोर', 'अॅज सून अॅज', 'वन्स', 'अनटिल', 'द नेक्स्ट टाइम' या सगळ्यांना हेच लागू. 'बिफोर द ट्रक लीव्ह्ज, वी विल चेक द पॅकिंग.' मुख्य वाक्य आज्ञेचं असलं तर तिथंही 'विल' नको : 'कॉल मी व्हेन यू रीच दसरा चौक.'

तुमच्या कामात याच्या पुढची एक पायरी फार उपयोगी पडेल. काम पूर्ण होण्यावर भर द्यायचा असेल तर साध्या वर्तमानाऐवजी 'हॅव'चं रूप, म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ घ्या. 'व्हेन आय राइट द रिपोर्ट, आय विल आस्क यू फॉर द फिगर्स.' इथं रिपोर्ट लिहिताना आकडे मागणार आहात. 'व्हेन आय हॅव रिटन द रिपोर्ट, आय विल सेंड इट टु यू.' इथं लिहून पुरा झाल्यावर पाठवणार आहात. मराठीत 'लिहिताना' आणि 'लिहून झाल्यावर' यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच या दोन रूपांत. 'अॅज सून अॅज द मोल्ड्स हॅव कूल्ड, वी विल नॉक आउट द कास्टिंग्ज.' पूर्ण थंड झाल्याशिवाय साचा फोडणार नाही, हे त्या एका 'हॅव'नं स्पष्ट होतं.

जुन्या करारपत्रांत 'व्हेन द बायर शॅल हॅव पेड' अशी वाक्यं दिसली तर गोंधळू नका. ती वकिली इंग्रजीची जुनी धाटणी आहे. आपल्या मेलमध्ये ती नको.

प्रश्न : मुलाच्या क्लासच्या वहीत नियम लिहिलाय, 'व्हेनच्या पुढे विल कधीही येत नाही.' त्याच वहीत पुढं वाक्य आहे, 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम.' यातलं खरं कुठलं मानायचं? – एक पालक, कागल

उत्तर : वाक्य खरं. नियम अर्धवट लिहिलाय, आणि अशा अर्धवट नियमानं हुशार मुलाचं जास्त नुकसान होतं, कारण तो तो मनापासून पाळतो.

2019च्या ऑगस्टमधला महापूर आठवा. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं होतं, वाहतूक बंद. त्या दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी दोन वाक्यं होती. एक, 'पाणी कधी उतरेल सांगता येत नाही.' दुसरं, 'पाणी उतरलं की रस्ता सुरू होईल.' ही इंग्रजीत नेऊ.

'वी कान्ट से व्हेन द वॉटर विल रिसीड.'
'व्हेन द वॉटर रिसीड्स, द रोड विल ओपन.'

दोन्हीकडं 'व्हेन'च आहे. पण पहिल्यात तो प्रश्न आहे. 'पाणी कधी उतरेल' हे अख्खं वाक्य 'सांगता येत नाही'चं कर्म आहे, म्हणजे ते नामवाक्य. तिथं उतरणं हीच न कळलेली गोष्ट आहे, म्हणून 'विल' हवं. दुसऱ्यात ते फक्त वेळ दाखवतं, म्हणजे क्रियाविशेषणवाक्य. तिथं 'विल' नको.

मुलाला व्याकरणाची ही नावं पाठ नसली तरी अडत नाही. त्याला मराठीत वाक्य बोलून बघू दे. 'कधी' आलं तर 'विल' राहू द्यायचं, 'की' किंवा 'आल्यावर', 'झाल्यावर' असं आलं तर काढायचं. 'तो कधी येईल माहीत नाही' यात विल. 'तो आला की जेवू' यात नाही : 'वी विल ईट व्हेन ही कम्स.' 'इफ'लाही हीच कसोटी चालते, फक्त तिथं 'का' ऐकायचं. 'तो येईल का विचार' म्हणजे 'आस्क हिम इफ ही विल कम.' 'तो आला तर सांगेन' म्हणजे 'इफ ही कम्स, आय विल टेल यू.' 'इफ यू विल वेट हिअर' असं कुणी म्हणालं तर तिथलं 'विल' भविष्याचं नसतं. 'थांबायची तयारी असेल तर' अशी ती विनंती असते.

वही खोडायला लावू नका. त्या नियमाच्या खाली ही पुराची दोन वाक्यं लिहायला सांगा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. 'अनटिल'च्या वाक्यात माझं हमखास चुकतं. 'बाय द टाइम'चंही एखादं उदाहरण द्यावं. – एक विद्यार्थी, गारगोटी

उत्तर : 'अनटिल'मध्ये काळाइतकाच नकारही अडवतो. आपण म्हणतो, 'पाणी उतरत नाही तोपर्यंत गाडी सुटणार नाही.' दोन 'नाही'. ते तसेच उचलून 'अनटिल द वॉटर डज नॉट रिसीड' लिहिलं जातं. इंग्रजीत 'अनटिल'च्या बाजूला नकार येत नाही, कारण 'पर्यंत' हा अर्थ त्या शब्दातच आहे. लिहिण्याआधी मराठी वाक्यच बदलून घे : 'पाणी उतरेपर्यंत गाडी सुटणार नाही.' 'उतरेपर्यंत'मध्ये नकार नाही. आता सरळ लिही, 'द बस विल नॉट लीव्ह अनटिल द वॉटर रिसीड्स.' 'हॅज रिसीडेड' लिहिलंस तरी बरोबर.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. त्यावर स्वतः वाक्यं कर. 'व्हेन द रिव्हर रीचेस थर्टी-नाइन फीट, द ऑफिसर्स विल वॉर्न द व्हिलेजेस.' 'द फॅमिलीज विल स्टे इन द स्कूल अनटिल द लेव्हल फॉल्स.' पुस्तकातल्या जॉन आणि मेरीपेक्षा ही वाक्यं लवकर ध्यानात राहतील, कारण ती खरी आहेत.

'बाय द टाइम'मध्ये गौण वाक्य साध्या वर्तमानात ठेव. त्या वेळेआधीच काही उरकलेलं असेल तर मुख्य वाक्यात 'विल हॅव' येतं. 'बाय द टाइम वी रीच द स्टेशन, द महालक्ष्मी एक्सप्रेस विल हॅव लेफ्ट.' आपण पोचेपर्यंत गाडी गेलेली असेल. परीक्षेत पर्यायांमध्ये 'विल रीच' दिलेलंच असतं. ते आधी काटून टाक, म्हणजे उरलेल्या पर्यायांत फक्त मुख्य वाक्याचं रूप बघायचं राहतं.