किनवटच्या रानातला पहिला उन्हाळा

भाऊ, शिमगा झाला की सागाखाली घोट्याएवढा पाचोळा साचतो. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणीतरी काडी लावतं अन् दुपारच्या वाऱ्यात त्याचाच वणवा होतो. म्हणून आत्ताच घराभोवतीचं गवत कापून काढ. कडब्याची गंजी गोठ्यापासून लांब रच. माझी टेकूनच होती, एका दुपारीत दोन्ही गेलं. धूर दिसला की वनखात्याच्या १९२६ वर फोन कर. निघायची वेळ आली तर दाव्याची गाठ सोडत बसू नको, विळ्यानं काप. आग चढावर जोरात धावते, तेव्हा टेकडीकडं पळू नको. नांगरलेलं रान गाठ. सातबारा, आधार पिशवीत घालून दाराशी टांगून ठेव. म्हाताऱ्यांना मात्र आधीच पाहुण्यांकडं पोचव. आमची आजी ऐनवेळी चुलीपुढून उठेचना.