दुसऱ्या हप्त्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

पाळणाघराचा तुझा प्रस्ताव दोनदा वाचला. कळकळ ओळीओळीत दिसते. पण पहिली चार पानं देशातल्या गरिबीवर गेली आहेत आणि तुझी वस्ती, नवी मुंबईतलं तुर्भे स्टोअर, येते थेट पाचव्या पानावर. हे उलटं कर. फाईल वाचणाऱ्याला गरिबी समजावून सांगायची गरज नसते. या गल्लीत सहा वर्षांखालची मुलं किती, त्यांच्या आया कुठे नि किती वाजता कामाला जातात, तोवर मूल कुणाजवळ असतं, हे त्याला तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. बाजार समितीत माल निवडायला जाणारी बाई पहाटे घर सोडते. अंगणवाडी उघडते तेव्हा तिचं अर्धं काम उरकलेलं असतं, आणि तान्ह्याला आठ वर्षांची बहीण सांभाळत असते, शाळा बुडवून. प्रस्तावाची सुरुवात इथून होऊ दे.

त्यासाठी घरं मोजावी लागतील. दुपारी जाऊ नकोस, कारण ज्या बायकांसाठी हे सगळं चाललंय त्याच तेव्हा घरी नसतात. दिवेलागणीनंतर जा.

पैसा कुठून मागायचा हे तू विचारलंस. ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी दारिद्र्य निर्मूलन हा विषय शहराच्या कारभारात आणला, बाराव्या अनुसूचीत तो नाव घेऊन लिहिलेला आहे. महापालिकेला महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकाचा ५ टक्के वाटा राखून ठेवावा लागतो. म्हणून महापालिकेच्या समाज विकास विभागात दिवाळी आटोपली की, अंदाजपत्रक ठरण्याआधी जा, मार्चमध्ये नको. लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या त्या खर्चाच्या सदराखाली, तरतूदच नसली तर मनापासून मदत करू पाहणाऱ्या अधिकाऱ्याचेही हात बांधलेले असतात. अर्ज दिलास की आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नकोस.

केंद्राच्या पाळणाघर योजनेचे नियमही नीट वाच. २०१७ मध्ये तिच्या खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ३० आणि संस्था १० अशी ठरली. २०२२ पासून तीच योजना केंद्राच्या महिलांसाठीच्या मिशन शक्तीत ‘पाळणा’ नावाने आहे, आणि वाटणी केंद्र ६०, राज्य ४० अशी आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस, हे माप तिथलंच. आधीच्या त्या १० टक्क्यांनी किती लहान संस्थांचा दम निघाला ते मी जवळून पाहिलं आहे. स्वहिस्सा हा शब्द कागदावर छोटा दिसतो. पण तो दर महिन्याला उभा करावा लागायचा, आणि अनुदानाचा हप्ता आलेला नसतानाही.

आता जे सांगते ते लक्ष देऊन वाच. आमच्या पाळणाघराला पहिला हप्ता मिळाला तेव्हा घरमालकाने भाड्यासाठी तगादा लावला होता. पावसाळा तोंडावर होता. खेळणी आणि साहित्याच्या शीर्षाखाली पैसे पडून होते, ते मी भाड्याला दिले. चोरी नव्हती, मुलांचंच छप्पर वाचवलं होतं. पण एका शीर्षाचे पैसे दुसरीकडे वळवायला आधी लेखी परवानगी लागते आणि ती मी घेतली नव्हती. उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच लागले या दाखल्यावर, आक्षेप निघाला, दुसरा हप्ता आठ महिने अडकला. त्या आठ महिन्यांत आमची सेविका बिनमानधनाची रोज दार उघडत राहिली. तिचं स्वतःचं घर त्या मानधनावर चालायचं. शेवटी तिने वाशीत दोन घरची धुणीभांडी धरली आणि मला म्हणाली, “ताई, मुलांना काय सांगू?” मला उत्तर देता आलं नाही. पाळणाघर बंद झालं. तीन आयांनी काम सोडलं, हे मला नंतर कळलं.

म्हणून तुला माझं एकच मागणं आहे. हप्ता सहा महिने उशिरा येणार असं धरूनच वर्ष आख. चाळीस मुलांचं स्वप्न असेल तर पंधरांपासून सुरुवात कर, पण पंधरांचं दार एक दिवसही बंद राहता कामा नये. सेविकेचं मानधन आधी बाजूला काढ, बाकी सगळं त्याच्यानंतर. वस्तीतल्या बचत गटांना पहिल्या दिवसापासून सोबत घे. नागरी उपजीविका अभियानात ज्या गटांनी १०,००० रुपयांचा फिरता निधी वापरला, त्यांना नियमित बैठक आणि नोंदवही अंगवळणी पडलेली असते. अडचणीच्या महिन्यात धावून येतील त्या याच बायका.

अनुदानाचं बँक खातं वेगळं ठेव. त्यावरचं व्याजही सरकारचंच असतं, ते हिशेबात दाखव. केंद्राच्या निधीचं उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावं लागतं, पण पुढचा हप्ता त्याच्यावर अडलेला असतो, तेव्हा एप्रिलमध्येच कामाला लाग. संस्थेचे हिशेब तपासून सप्टेंबरअखेर धर्मादाय कार्यालयात गेले पाहिजेत. विश्वस्त बदलला तर बदल अर्ज ९० दिवसांत. स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवर नोंदणी तू केलीच आहेस, तिथे जुन्या विश्वस्ताचं नाव अजून दिसतंय, तेवढं बदल.

हजेरीपट रोजच्या रोज भर. शनिवारी बसून आठवड्याची हजेरी एका हाताने, एकाच शाईने भरलेली तपासणीला येणाऱ्याला लगेच ओळखू येते, आणि मग तुझ्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

प्रस्तावात भाड्याचा रकाना तू रिकामा सोडलायस. घरमालकाशी बोलून अकरा महिन्यांचा करार कर, मगच आकडा लिही. शनिवारी संध्याकाळी मी तुर्भ्यालाच आहे. सातला स्टोअरच्या नाक्यावर वही घेऊन ये, पहिली गल्ली आपण दोघी मिळून मोजू.

तुझी,
ताई