ती चित्रं नव्हेत, बाहुल्या आहेत

ॲनिमेशन हातानं करावं का कम्प्युटरवर, हा वाद सगळा वाचला. एकाचं म्हणणं, हातानं चित्रं काढणारा स्टुडिओ कम्प्युटरकडे वळला म्हणजे राहतं घर विकलं; 'इअरविग अँड द विच' हा कम्प्युटरवरचा सिनेमा बघून त्यांचं घिब्ली या जपानी स्टुडिओवरून मनच उडालंय. दुसऱ्याचं म्हणणं, आता पेन्सिल धरून बसणं म्हणजे दारात गाडी असताना बैल जुंपणं. या भांडणात सांगलीच्या विश्रामबागमधल्या दहावीतल्या मुलाचा प्रश्न तसाच राहिला: 'मग मी ड्रॉइंग शिकू का ब्लेंडर (थ्री-डीचं सॉफ्टवेअर)?' लिहितोय खरं तर त्याच्यासाठी, पण तुम्हा दोघांनाही थोडं ऐकून घ्यावं लागेल.

मी सहा वर्षं मुंबईत इनबिटवीनर होतो. परदेशी मालिकांची कामं यायची. मोठे आर्टिस्ट की ड्रॉइंग काढायचे, दोन की-मधली चित्रं आम्ही भरायची. सेकंदाला चोवीस फ्रेम. एक चित्र दोन फ्रेमना चालवलं तरी बारा चित्रं होतातच. लाइट टेबलच्या, म्हणजे खालून उजेड असलेल्या, काचेवर कागद लावायचे, डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत चार-पाच कागद धरून उलटसुलट करत हालचाल बघायची, उजव्या हातानं रेघ मारायची. पहिल्या आठवड्यात मला एक डोकं डावीकडून उजवीकडे वळवायला दिलं. मी बरोब्बर मधोमध मधलं चित्र काढलं. सिनिअरनं कागद दोनदा उलटले आणि म्हणाला, "मान वळली नाही, कपाट सरकलं." मान वळताना हनुवटी मधे जरा खाली जाऊन वर येते. ती कमान कुणी सांगेपर्यंत दिसत नाही, आणि एकदा दिसली की जन्मभर पाठ सोडत नाही. अजून एसटीत समोरचा माणूस खिडकीकडे वळला की माझं लक्ष त्याच्या हनुवटीवर.

२००४ मध्ये एका सोमवारी गेलो तर आमची लाइट टेबलं जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेली. आधी कुणी काही बोललं नव्हतं. तेव्हा कम्प्युटरचा राग यायचाच असेल तर तो मला यायला हवा, आणि आलाही होता.

मग पोटासाठी थ्री-डी शिकलो, आणि पहिल्याच महिन्यात कळलं की आपण ज्याला चित्रकलेची पुढची पायरी समजत होतो, तो धंदाच वेगळा आहे. पडद्यावर एक पुतळा तयार असतो. त्याच्या आत हाडांचा सांगाडा, बाहेर ओढायला मुठी. त्याला रिग म्हणतात. तुम्ही रेघ मारत नाही, कोपर धरून हात उचलता. म्हणजे बाहुली नाचवता! आपण सांगलीकरांनी तर हे चटकन ओळखायला हवं होतं. १८४३ साली इथं 'सीतास्वयंवर' उभं करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या; त्या पुढं रामदास पाध्यांनी दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. भावे नाट्यमंदिरावरून जाताना मला नाटकाआधी त्या बाहुल्याच आठवतात. बाहुलीवाला म्हणजे चित्रकाराची सुधारलेली आवृत्ती नव्हे, तसाच बिघडलेला चित्रकारही नव्हे.

'जुरासिक पार्क'च्या वेळची गोष्ट बघा. फिल टिपेट हा पुतळे फ्रेमगणिक हलवून जनावरं जिवंत करणारा माणूस. कम्प्युटरवरचे डायनोसॉर पाहिल्यावर त्याला वाटलं, आता आपणच नामशेष. पण काढून टाकायच्या ऐवजी त्याला हालचालींची जबाबदारी दिली, आणि त्याच्या माणसांसाठी सांध्यांत सेन्सर बसवलेला डायनोसॉरचा सांगाडा केला. तो हातानं हलवला की हालचाल कम्प्युटरमध्ये जायची. त्यांची बोटं वाया गेली नाहीत. आमची गेली, कारण आमच्या मालकाला बोटांपेक्षा टेबलांचं भाडं दिसत होतं.

म्हणून 'कम्प्युटरनं मारलं' हे मला पटत नाही. डिस्नेचंच घ्या. १९५९ ची 'स्लीपिंग ब्यूटी' प्रचंड महाग पडली आणि तेव्हा पैसे वसूल झाले नाहीत. मग १९६१ च्या डाल्मेशियन कुत्र्यांच्या सिनेमात पेन्सिलची रेघ झेरॉक्सनं थेट सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पानावर, उतरवायला लागले. रेघ खरखरीत, काळी आली. खुद्द वॉल्ट डिस्नेला ते रूप आवडलं नव्हतं. आणि त्याआधी प्रत्येक चित्र शाईनं सेलवर गिरवायच्या त्या बहुतेक बायका, त्यांचं काम आटलं. आज ज्याला तुम्ही 'अस्सल जुनं डिस्ने' म्हणता, त्यातलं बरंचसं या झेरॉक्सचं आहे. १९९० पासून तर सेल रंगवणंही गेलं. कागदावरची चित्रं स्कॅन करून कम्प्युटरमध्ये रंगवायची. 'लायन किंग' तसाच रंगवलाय, वर त्यातल्या रानगव्यांसारख्या जनावरांचा लोंढा थ्री-डीचा. तेव्हा कुणाचं मन उडालं नाही.

खरा घाव बसला तो २००२ ते २००४ मध्ये. डिस्नेचा पेन्सिलवाला 'ट्रेझर प्लॅनेट' आपटला, तसाच 'होम ऑन द रेंज' चालला नाही, तिकडे कम्प्युटरवर सिनेमे करणारी पिक्सार सुसाट. साहेब लोकांनी हिशेब केला: लोकांना पेन्सिल नको झालीय. गोष्ट फसली होती, शिक्षा टेबलांना झाली. २००६ मध्ये पिक्सार विकत घेतल्यावर तिथल्याच माणसांनी पेन्सिल परत आणली आणि २००९ ला 'प्रिन्सेस अँड द फ्रॉग' आला. तोवर किती हात पांगले असतील, ते माझ्यासारख्याला सांगायला नको. पुढं २०१० च्या 'टँगल्ड'मध्ये ग्लेन कीन हा पेन्सिलवाला थ्री-डीच्या फ्रेमवर रेघा ओढून दाखवायचा, की बाई, खांदा असा झुकव. मला विचाराल तर त्या सिनेमातली गोडी तिथून आलीय.

आता 'इअरविग'. तुमची तक्रार मलाही मान्य आहे. केस प्लास्टिकच्या टोपासारखे दिसतात. पण तो कम्प्युटरचा दोष म्हणाल तर घिब्लीचे मोठे दिग्दर्शक हयाओ मियाझाकींनी स्वतः 'बोरो' ही छोटी फिल्म कम्प्युटरवर केली होती. माझ्या मते घोटाळा असा झाला की चित्रातले चेहरे तसेच्या तसे बाहुलीला चिकटवले. घिब्लीचा चेहरा म्हणजे चार रेघा आणि भरपूर मोकळी जागा. कागदावर ती जागा आपण मनानं भरतो, बाहुलीवर तिथं उजेड पडतो आणि नुसता गुळगुळीत गाल दिसतो. बाहुलीला बाहुलीचाच चेहरा द्यावा लागतो. भाव्यांना हे ठाऊक असणार.

आणि बैलगाडीवाल्या मित्रा, तुझं गणितही चुकतंय. २०१८ च्या ॲनिमेशनवाल्या स्पायडरमॅनमध्ये त्या लोकांनी थ्री-डी चेहऱ्यांवर रेघा ओढल्या आणि पात्रं मुद्दाम आमच्यासारखी दोन-दोन फ्रेमवर चालवली. २०२३ ला मियाझाकींचा हातानं काढलेला सिनेमा आला, पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं. बैल अजून जुंपलेलेच आहेत, राव.

आता बाळा, तुझं. ब्लेंडर फुकट आहे, आजच घाल. पण पहिल्या दिवशी तू हात इथून तिथं नेशील, मधलं कम्प्युटर भरेल आणि बाहुली पाण्याखाली असल्यासारखी तरंगेल. कम्प्युटर माझ्यासारखाच इनबिटवीनर आहे, पहिल्या आठवड्यातला. त्याला हनुवटीची कमान कुणीतरी सांगावी लागते. ती बघायला शिकायचं असेल तर रविवारी सकाळी ये. काच आणि बल्ब माझ्याकडे आहे, कागद जागच्या जागी धरणारा पेगबारही आहे, मधली खुंटी गोल, बाजूच्या दोन चपट्या. फक्त झेरॉक्सवाल्याच्या पंचनं भोकं पाडून कागद आणू नकोस, ते त्यात बसत नाहीत.